पहिल्या ओळीनंतर

अर्धांगाचा झटका आला आणि काकांची वाचा गेली. जन्मभर शाळेत भाषा शिकवलेला माणूस पाणी हवं असलं तरी नुसतं बोट दाखवू लागला. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, "हे रोज तालात म्हणायचे असं काही आहे का? बोलणं जातं, पण पाठ असलेलं कधीकधी निघतं. एकदा ते निघालं की बाकीचे शब्दही येऊ लागतात."

होतं ना! खिडकीबाहेरच्या झाडावर काकांनी एक कविता रचली होती. काकू ओट्याशी घाईत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते ती रोज सुरू करायचे. कागदावर मात्र उतरवली नाही. कुठेतरी एक मात्रा अडायची, आणि अडलेलं लिहायचं नाही हा त्यांचा हेका.

मी पुतणी. मात्रा मोजायला त्यांच्याकडूनच शिकले, पण मला पहिली ओळ तेवढी येत होती: "वारा सुटला, पाने हलली." आठ आणि आठ. यमक 'लली'. दर कडव्यानंतर हीच ओळ परत येते, हेही ठाऊक होतं. साचा होता, कवितेचा पत्ता नव्हता.

"काकू, पुढे काय गं? तू तर रोज ऐकायचीस."

"ऐकत कुठे होते! डोक्यात डबे, गॅसवर दूध. त्यात यांचं ते झाड."

त्या दुपारी मी काकांचा चांगला हात टेबलावर ठेवला आणि ताल धरला. त्यांचं बोट माझ्याबरोबर हलू लागलं.

"वारा... सुटला," काका म्हणाले. "पाने हलली."

काकूला रडूच फुटलं. काकांचं बोट थांबलं नाही. पुढचे शब्द न अडखळता, ठेक्यात आले.

"गप्प बसा हो."

मी सवयीने मोजलं. गप्प तीन, बसा तीन, हो दोन. बरोब्बर आठ.

काकूचा चेहरा खर्रकन उतरला. इतकी वर्षं, त्याच ओळीनंतर, ती हेच म्हणत आली होती. मला तिचा राग आला, कीवही आली. पुढची ओळ मीही कधी मागितली नव्हती.

"अहो, ते माझं," ती त्यांच्या गुडघ्याशी बसली. "तुमचं म्हणा. म्हणा ना. वारा सुटला, पाने हलली... बोला ना हो..."

'बोला ना हो' हेही आठच भरलं. पण काकांनी मान हलवली. वर्गात चुकलेल्या मुलीला समजवावं तसं त्यांनी टेबलावर बोट वाजवून तिला दुरुस्त केलं.

"गप्प बसा हो."