लाभानंतर एक

मी मण बोलतोय. चाळीस शेरांचा, ओतीव लोखंडाचा, डोक्यावर कडी असलेला. किलो आल्यापासून मला कुणी विचारत नाही. त्याचं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे.

बार्शीच्या बाजारात दगडू तोलार मला एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्यात ज्वारी. मोजताना आमच्याकडे पहिल्या मणाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. वीस झाले की खंडी.

एकदा सावित्राबाईंची खंडीभर ज्वारी इराप्पा गाडीवानानं आणली. घरी मोजून भरलेली. दगडूनं पहिला मण तोलला. "लाभ!"

"दगडूदा, आवाज का बसला? सकाळी भाकरी मिळाली नाही व्हय?" इराप्पानं टोमणा मारला.

"तुझ्या नागव्वानं थापली असती तर मिळाली असती की रं!"

सगळे हसले. हसत हसतच दगडूनं पुढचा मण तोलला आणि म्हणाला, "एक!"

मी थरथरलो. पण पारडं हलतंच; कुणाच्या लक्षात येणार? मोजणी एकोणीसवर संपली आणि ज्वारी व्यापाऱ्याच्या ढिगात मिसळून गेली.

सावित्राबाई एवढंच म्हणाल्या, "इराप्पा, वाटेत गाडी कुठं सोडली होतीस?"

त्यानंतर कुणी त्याच्या गाडीत धान्य भरलं नाही. तो दगडमाती वाहत राहिला.

चार दिवसांनी दुसऱ्याचा माल तोलताना दगडू "लाभ" म्हणाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. सगळं आठवलं. पण तोलारानं चूक कबूल केली तर उद्या काटा हातात कोण देईल? तो गप्प बसला. मीही. वीस वेळा अधांतरी झालो होतो मी, मला ठाऊक होतं.

म्हातारपणी दगडूनं मला गाडीत घालून इराप्पाच्या दारी नेलं. त्याची बायको नागव्वा एकटीच होती.

"वहिनी, तो मण माझ्या जिभेनं खाल्ला."

"त्यांना जाऊन तीन वर्सं झाली, भावजी. आता कुणाला सांगताय?"

दगडूनं मला गाडीतून उतरवून तिच्यापुढं ठेवलं. ती म्हणाली, "बसा. भाकरी थापते. आन् ह्याला दारातच राहू द्या. लोक ठेचकाळतील, विचारतील. मी सांगीन."

दगडू भाकरी तशीच ठेवून उठला.

तेव्हापासून मी तिच्या उंबऱ्याशी आहे. नागव्वा आता थकलीय. या वाटेनं आलात तर मला ठेचकाळा, आणि तिला विचारा, हा मण इथं कसा? मला बोलता आलं नाही. निदान तिला बोलू द्या.