उंटाचा हप्ता

थापाकाकांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण त्यांची जीभ कायम तासभर पुढे धावायची. ते ज्याची गोष्ट सांगायचे, त्या माशाला नदी पुरायची नाही. काकू मागून म्हणायच्या, "निम्मं करा. उरेल त्याचंही निम्मं करा." चाळीस वर्षं काका या कात्रीवर दात खात आले होते.

गाडीचा विमा उद्या संपणार होता. कंपनीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा काकू नेमक्या आंघोळीला गेल्या होत्या. काकांना रान मोकळं!

"काका, गाडी वर्षाला किती फिरते?"

"चाळीस हजार किलोमीटर कुठे गेले नाहीत!"

"धंद्यासाठी वापरता?"

"अर्ध्या शहराची घड्याळं हिच्यातूनच फिरतात."

"काही बदल केलेत गाडीत?"

"इंजिन असलं बसवलंय, की विमानं बाजूला होतात."

"रात्री कुठे उभी असते?"

"रस्त्यावर! वाघाला कुणी कोंडतं का?"

"आणि गेल्या वर्षीचा अपघात?"

"उंट. सर्कशीतून सुटलेला."

तासाभरात आकडा आला. गेल्या वर्षीच्या साडेतीनपट! एवढे पैसे नव्हते, आणि विम्याशिवाय गाडी दाराबाहेर निघणार नव्हती. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दर मंगळवारी-शुक्रवारी व्यायामाला इस्पितळात न्यावं लागे. दोन बस आणि त्यांच्या उंच पायऱ्या म्हणजे व्यायाम बंदच. आणि गेल्याच आठवड्यात त्या काठीशिवाय दहा पावलं चालल्या होत्या.

काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. न वाढवता. काकूंनी काठी उचलली.

"चला कंपनीत. आणि तोंड उघडलंत तर काठी माझ्याच हातात आहे."

काचेपलीकडे तीच मुलगी बसली होती. काकूंनी कात्री चालवायला घेतली.

"चाळीस हजार? अगं, इस्पितळ आणि भाजीबाजार. तीन हजार भरले तरी डोक्यावरून पाणी. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. इंजिन जुनंच, हॉर्न तेवढा नवा, तोही खोकतो. आणि वाघ गॅरेजात झोपतो, किल्ली माझ्या कमरेला."

मुलगी एकेक रकाना खोडत गेली तसा पडद्यावरचा आकडा पायरी पायरीने उतरला. काका बघत राहिले. ही कात्री नसती, तर आपल्या जिभेने घरादाराला कधीच रस्त्यावर आणलं असतं!

"पण इथे खांबाला धडक अशी नोंद आहे," मुलगी म्हणाली. "उंट कुठेच नाही."

"उंटच होता!" काका उसळले. "घंटा होती त्याच्या गळ्यात! जाताना काच चाटून गेला!"

वर्षभर गल्लीत हा उंट वाढत गेला, त्याला आधी घंटा आली, मग लांब जीभ आली. पण काकूंनी ही एकच थाप कधी निम्मी केली नव्हती.

"खांबच होता, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गाडी मी चालवत होते. साठाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि तिसऱ्याच दिवशी आपल्याच फाटकाचा खांब पाडला. गल्लीत तोंड दाखवायची सोय नव्हती. मग ह्यांनी उंट आणला."

मुलीने हसू दाबलं. "तुम्ही भरपाई घेतलीत ना, म्हणून यंदाची सूट गेली. तेवढी वाढ राहणार."

म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा थोडंसंच जास्त. झेपण्यासारखं.

"ती वाढ माझ्यामुळे," काकू म्हणाल्या.

"तुझ्यामुळे कशी? उंटामुळे," म्हणत काकांनी पाकीट काढलं. "फार गुणी जनावर. पोसायला परवडतं."

काकूंनी काहीही निम्मं केलं नाही. नुसता त्यांचा दंड धरला, काठी काखेत मारली आणि दारापर्यंत चालत गेल्या.

संध्याकाळी गल्लीत काका छाती फुगवून सांगत होते, "आमची ही आज काठीशिवाय शंभर पावलं चालली!" आणि सवयीने थांबले.

"वीस," खिडकीतून आवाज आला.

"वीस!" काका ओरडले. एवढा मोठा आकडा त्यांनी जन्मात कधी सांगितला नव्हता.