समुद्र उकळणारा गंज

मी एक जुना गंज आहे, म्हणजे उभं, खोल पातेलं, जर्मनचा. जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. आमच्याकडे तसंच म्हणतात. भंडाऱ्याच्या बाजारात माझ्या गळ्यावर सिंधूचं नाव कोरलं गेलं, आणि नव्या नवरीबरोबर मी भिलाईला, स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये आलो.

मित्रांनो, चाळीस वर्षं मी दूध, वरण, आंघोळीचं पाणी, सगळं तापवलं. ‘गंज असावा तर असा,’ असं पाहुण्या बायका म्हणायच्या. किती जणी म्हणाल्या ते मला पाठ आहे. सात. मग कुकर आला, काचेच्या झाकणाची कढई आली आणि मी ओट्याखाली गेलो. माझ्यात कांदे भरले. तेही सोसलं.

पुस्तक मात्र सोसवलं नाही.

सिंधूची नात हर्षा सहावीत आहे. शाळेत हिंदी, घरी मराठी. तिची मराठी सुधारावी म्हणून नागपूरच्या आत्याने ते पाठवलं. निर्जन बेटावर अडकलेल्या मुलीची गोष्ट. प्रत्येक प्रकरणाखाली कठीण शब्द आणि समुद्राचं विज्ञान. समुद्र न पाहिलेली पोरगी दिवसभर ‘भरती, ओहोटी, क्षारता, प्रवाळ’ करत फिरू लागली. पुस्तकाला कव्हर, पुस्तकाला उशीशेजारी जागा. त्यावर वरणाचा थेंब पडला तर केवढा आरडाओरडा! माझ्यावर वरण रोज उतू जायचं. कोणी हळहळलं?

त्यातच एका रविवारी हर्षाची आई सुजाता म्हणाली, “उद्या भांडेवाली येते. हा गंज देऊन टाकू, बदल्यात दोन ताटल्या येतील.”

चाळीस वर्षांच्या बदल्यात दोन ताटल्या!

त्याच दुपारी पुस्तकातली मुलगी तहानेने व्याकूळ झाली. चारी बाजूंना पाणी, पिण्याजोगा घोट नाही. खाली खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचा प्रयोग दिलेला. हर्षाने कढईत मिठाचं पाणी ओतलं, मधोमध वाटी ठेवली, झाकण लावून गॅस पेटवला. खोटं कशाला बोलू, बिघडावं असंच मी मनात म्हणत होतो.

बिघडलं. वाटीतलं पाणी चाखून हर्षाने तोंड वाकडं केलं. “आबाजी, हे तं खारटच आहे ना यार! किताबच झूठी है!”

मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

आबाजी, म्हणजे हर्षाचे आजोबा पुंडलिकराव, प्लांटमध्ये बॉयलरवर होते. ते हसले. “किताब कावून खोटी राहीन? तुही कढई उथळ आहे. उकळलं का खारं पानी उडून वाटीत जाते. आमच्याकडे बॉयलरात वाफेसंगं पान्याचा शिंतोडा गेला का बोंबाबोंब होये. खोल भांडं पायजे.”

“खोल कुठून आनू?”

“तुह्या आजीचा गंज हाय ना. काढ कांदे.”

माझ्यात थोडं खारं पाणी, उपड्या वाटीवर दुसरी वाटी, उलटं झाकण, त्यावर बर्फ. आच मंद. वाफ वर गेली, गार झाकणाला लागली, थेंब होऊन मधोमध ओघळली. टप. टप. “बाष्पीभवन,” हर्षा पुटपुटली. “संघनन.” शब्द पुस्तकाचे होते, पण घडत होते माझ्या पोटात!

“आई, गोडं पानी! पिऊन पाह्य!”

सुजाताने घोट घेतला. वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “भांडेवालीले जुन्या साड्याच देऊ,” ती म्हणाली.

मित्रांनो, घरातलं भांडं काढून टाकण्याआधी त्याची वर्षं मोजू नका, त्याची खोली बघा. मी आता ओट्यावर असतो. पुढच्या प्रकरणात ती मुलगी मीठ बनवते म्हणे, आणि त्यासाठी हर्षाने कढई काढली आहे. उथळ भांड्यात पाणी लवकर आटतं, एवढं मलाही कळतं. पण एकदा मला विचारायला काय हरकत होती?