सहा पांढरे रुमाल आणि एक बदनाम डक्ट

मित्रांनो, मी एक जुना डक्ट आहे. थांबा, थांबा, पान उलटू नका! डक्ट म्हणजे काय, असं तुम्ही विचारणारच. घराच्या छतात लपवलेली पत्र्याची चौकोनी नळी असते ना, जिच्यातून गार किंवा गरम हवा खोल्याखोल्यांत जाते, ती म्हणजे मी. मी कुणाला दिसत नाही, दिसतात त्या माझ्या जाळ्या. भिंतीवर उंच बसवलेल्या जाळ्यांतून मी हवा फुंकतो आणि खाली जमिनीलगतच्या जाळ्यांतून खोलीतली हवा परत ओढून घेतो. फुंकायचं आणि ओढायचं, एवढाच माझा उद्योग. पण नुकताच माझ्यावर असा काही आळ आला, आणि पुढे अशी काही गंमत घडली, की ती कुणालातरी सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाहीये!

माझा जन्म याच घराच्या अंगणात झाला. या घरातले आजोबा पत्राकाम करणारे कारागीर. घर बांधून होत आलं तेव्हा त्यांनी जस्ताचा चकचकीत पत्रा जमिनीवर पसरला, खडूने रेघा मारल्या, मोठ्या कातरीने तो करकर कापला आणि लाकडी हातोडीने कडा दुमडून एकेक सांधा बसवला. आई गं, केवढं ठोकलं मला! पण शेवटी सांध्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "बघा, हवेची तक्रार येणार नाही." सोळा वर्षं झाली या गोष्टीला. खरंच हवेची तक्रार आली नाही. उन्हाळ्यात पाहुणे आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "वा, काय गारवा आहे हो तुमच्याकडे!" आजोबा मिशीत हसायचे आणि वर छताकडे बघायचे. मला तर छाती असती तर ती नक्की फुगली असती.

माझ्या तोंडाशी, पॅसेजमध्ये, एक गाळणी बसवलेली असते. पुठ्ठ्याची चौकट आणि आत घड्याघड्यांचं दाट कापड. घरात सगळे तिला फिल्टर म्हणतात. खोल्यांतून ओढून आणलेली धूळ त्या कापडात अडकते आणि स्वच्छ हवा पुढे जाते. दर तीन महिन्यांनी आजोबा शिडीवर चढायचे, जुना फिल्टर काढायचे, नवा बसवायचे आणि त्यावर पेन्सिलीने तारीख घालायचे. जुना फिल्टर गॅलरीत नेऊन चार वेळा झटकायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि काखेत मारून निघून जायचे. कुठे, तिकडे मी कधी लक्षच दिलं नाही. गेला तो गेला, आपल्याला काय करायचंय, असं मला वाटायचं. आता त्याची आठवण झाली की माझे सांधे कुरकुरतात.

फिल्टर बदलत राहिला, पण माझ्या पोटात मात्र सोळा वर्षांत कुणी डोकावून पाहिलं नाही. दिसत नाही ना मी! कपाट पुसतात, पंखा पुसतात, दाराची कडीसुद्धा पुसतात. माझी आठवण फक्त हवा ढकलणारं मशीन बंद पडलं की यायची. जाऊ दे, मी काही मनाला लावून घेतलं नाही. थोडंसंच घेतलं.

आता भिंगरीबद्दल सांगतो. ही या घरातली नऊ वर्षांची नात. खरं नाव शाळेच्या दप्तरावर असेल, घरात सगळे भिंगरीच म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. शाळेतून आली की दप्तर भिरकावून पलंगावर धाड धाड उड्या मारणार, मग आजोबांकडे धावणार. आजोबा तिला पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांतून होड्या, भोंगे आणि पेन्सिली ठेवायचे डबे करायला शिकवतात. दोघांची कुजबुज आणि टकटक माझ्यातून घरभर फिरते. त्या टकटकीचा मला फार लळा आहे.

दोन वर्षांपूर्वी भिंगरीला स्वतःची खोली मिळाली, आणि त्याच सुमाराला तिच्या शिंका सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही. सकाळी उठली की ओळीने! आई एकदा मोजायला बसली तर तेवीस भरल्या. डोळे लाल, नाक चोंदलेलं, घशात खवखव, आणि कधीकधी छातीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "हिला धुळीची ॲलर्जी आहे. औषध देते, पण घरातली धूळ कमी करा." झालं! पडदे गेले, सतरंजी गेली, कापसाचं अस्वल धुऊन धुऊन बारीक झालं. चादरी गरम पाण्यात बुडाल्या. तरी शिंका काही हटेनात. शाळेचे दिवस बुडायला लागले.

मग एके दिवशी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, आणि मी तो नेहमीप्रमाणे सगळीकडे पोचवला. आई बाबांना म्हणत होती, "महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर हिला ताईकडे पाठवू. तिथली हवा चांगली आहे, शाळाही जवळ आहे. मला काय हौस आहे का लेकीला लांब ठेवायची? पण तिचे हाल बघवत नाहीत हो." ताई म्हणजे भिंगरीची मावशी, दूर डोंगरावरच्या गावात राहणारी. आपल्या खोलीत भिंगरीने हे सगळं ऐकलं आणि उशीत तोंड खुपसलं. थोड्या वेळाने ती आजोबांच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणाली, "आजोबा, मी नाही जाणार. तुमच्याशिवाय मला करमणार नाही." त्या दिवशी टकटक झाली नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची निळी बॅग खाली आली आणि पलंगाशेजारी उभी राहिली.

आणि मग, मित्रांनो, माझं नाव आलं! बाबांच्या हातात कुठूनतरी एक पत्रक पडलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'डक्ट साफ करा, ॲलर्जी पळवा!' बाबा पत्रक नाचवत घरात शिरले. "सापडला चोर! सोळा वर्षांची घाण वर साठलीय आणि आपण पडदे धुतोय!" सगळे माना वर करून छताकडे बघायला लागले. सोळा वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, तेही असं! मी इतका हादरलो की पत्रा थरथरला. मीच? माझ्या भिंगरीला मीच छळत होतो? खरं सांगतो, मला ते पटलंसुद्धा. पोटात धूळ होतीच ना माझ्या.

दोन दिवसांनी सफाईवाल्या ताई आल्या. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, हातात हत्तीच्या सोंडेएवढा पाइप! भिंगरी मागेमागे आणि प्रश्नांचा नुसता भडिमार. बाबांनी विचारलं, "म्हणजे आता ॲलर्जी जाणार ना?" ताईंनी मास्क खाली केला. "साहेब, पत्रक छापणारा वेगळा आणि साफ करणारी मी वेगळी. आत बुरशी असेल, उंदीर शिरले असतील किंवा हवाच अडेल इतकी धूळ असेल, तर साफ करायलाच हवं. पण डक्ट धुतला की ॲलर्जी गेली, अशी खात्री मी देणार नाही. कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वासही ठेवू नका." बाबांचा चेहरा पडला. मला मात्र त्या ताई एकदम आवडल्या.

आणि मग सुरू झाली माझी आंघोळ! अहाहा! सोंड माझ्या तोंडाला लावली, फिरता ब्रश आत सोडला आणि घर्रर्र करत माझ्या अंगावरची सोळा वर्षं निघायला लागली. गुदगुल्यांनी मी नुसता दणाणत होतो. आतून काय काय निघालं! एक गोटी, बाळाचा मोजा, आईचा कधीचा हरवलेला झुमका आणि भिंगरीचा दुधाचा दात! "माझा दात!" म्हणून ती अशी काही ओरडली की ताईंनी दचकून मशीनच बंद केलं. बुरशी नव्हती, उंदीर नव्हते. धूळ होती, पण ताई म्हणाल्या, "सोळा वर्षांच्या मानाने फारच कमी. हे सांधे कुणी बसवलेत? एक नंबर काम आहे." आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. मी आतून आरशासारखा लखलखत होतो. वाटलं, संपलं आता सगळं, उद्यापासून शिंका बंद!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अगदी हळू फुंकत होतो. भिंगरी उठली, नाक चोळलं आणि... आच्छी! एक, दोन, सात, अकरा, एकोणीस! आठवडा गेला तरी तेच. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! आईने मुकाट्याने निळी बॅग उघडली आणि स्वेटर भरायला घेतले. मावशी येत्या रविवारी घ्यायला येणार, असं ठरलं.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे काम तपासायला सफाईवाल्या ताई परत आल्या. सगळं ऐकून त्यांनी क्षणभर विचार केला आणि आजोबांना विचारलं, "घरात पांढरे रुमाल आहेत का?" आजोबांचे सहा कडक इस्त्रीचे रुमाल निघाले. तीन खोल्यांतल्या वरच्या, फुंकणाऱ्या जाळ्यांवर तीन बांधले आणि खालच्या, ओढणाऱ्या जाळ्यांवर तीन. ताई भिंगरीला म्हणाल्या, "डक्टमधून धूळ येत असेल तर वरचे रुमाल मळतील. खोलीतच धूळ असेल तर खालचे मळतील. दोन दिवस हात लावायचा नाही हं!" भिंगरीला हे कोडं भलतंच आवडलं. आणि मी? माझा तर निकालच लागणार होता! दोन दिवस मी असा फुंकत होतो, असा ओढत होतो, की विचारू नका.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई आल्या आणि सगळे जमले. भिंगरीने खुर्चीवर चढून वरचा पहिला रुमाल सोडला. पांढराशुभ्र! दुसरा, पांढराशुभ्र! तिसरा, तिच्या स्वतःच्या खोलीतला, तोही दुधासारखा! "डक्ट सुटला! डक्ट निर्दोष!" ती टाळ्या पिटत ओरडली. मला एवढा आनंद झाला की मी फूऽऽ करून तिच्या कपाळावरचे केस उडवले. मग खालचे. बैठकीच्या खोलीतला जरासा मळका, आजोबांच्या खोलीतला जरासा मळका. आणि भिंगरीच्या पलंगाजवळचा? राखाडी! बोट फिरवलं तर रेघ उठेल इतका राखाडी. ताई म्हणाल्या, "धूळ याच खोलीत आहे, आणि बरीच आहे. काय आहे हो इथे?"

आई म्हणाली, "काहीच नाही! पडदे नाहीत, सतरंजी नाही." बाबांनी कपाटावर हात फिरवून दाखवला. आजोबांचा मात्र चेहरा उतरला होता. ते हळूच गुडघ्यांवर बसले आणि भिंगरीच्या पलंगाखालचा मोठा खण बाहेर ओढला.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले फिल्टर होते. एकावर एक, तीन थप्प्या, सोळा वर्षांचे! प्रत्येकावर पेन्सिलीने घातलेली तारीख. माझ्याच अंगावरून गेलेली धूळ ती, मी ओळखली नाही तर कोण ओळखणार? भिंगरीने पलंगावर उडी मारली की खणाच्या फटीतून ती भसकन वर यायची. पोर रोज त्याच्यावरच झोपत होती!

"चौकटी चांगल्या होत्या," आजोबा म्हणाले. "कधीतरी कामाला येतील म्हणून ठेवल्या. झटकून ठेवल्या होत्या गं. जन्मभर पत्र्याचं काम केलं. पत्रा झटकला की धूळ जाते. कापडात ती राहते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या पोरीच्या उशाखाली मीच..." त्यांनी बाहीने डोळे पुसले. भिंगरी आजोबांच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आजोबा, आता रडू नका हं, नाहीतर तुमचंही नाक चोंदेल." आणि लगेच एक दणदणीत शिंक! सगळे हसता हसता डोळे पुसत होते.

त्यानंतर घरात जी धावपळ उडाली! भिंगरीला बाहेर पाठवलं, सगळे फिल्टर बंद पिशव्यांतून कचऱ्यात गेले. आईने खण, पलंग, जमीन ओल्या फडक्याने पुसून काढली, गादी उन्हात गेली, उशी नवी आली. दुसऱ्या दिवशी शिंका बारा. मग आठ. रविवारी मावशी आली तेव्हा सकाळपासून फक्त तीन झाल्या होत्या, आणि छातीतली शिट्टी ऐकूच आली नव्हती. औषध चालूच राहणार होतं, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मावशीने चहा घेतला, भिंगरीकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि बहिणीला म्हणाली, "अगं, हिला कशाला नेऊ? सुट्टीत या सगळेच." आईने निळी बॅग उचलली, त्यातले स्वेटर पलंगावर रिकामे केले आणि बॅग स्वतः माळ्यावर टाकली. मी इतका खूश झालो की मशीन बंद असतानाही माझा एक सांधा टण् वाजला.

तर मित्रांनो, माझं ऐकाल? मलाही कधीमधी बघत जा. माझ्यात ओल शिरली, बुरशी धरली, काही अडकलं, तर साफ करून घ्या. फिल्टर वेळेवर बदला. पण घरात कुणी शिंकत असेल तर माझ्या नावाने खडे फोडण्याआधी जरा खाली वाका, पलंगाखालचा खण उघडा, आणि प्रेमाने साठवून ठेवलेलं काय काय आहे ते बघा.

कालच नवा फिल्टर बसला. आजोबांनी शिडी धरली, तारीख भिंगरीने घातली. जुना फिल्टर पिशवीत बांधून ती तडक बाहेर निघाली. आजोबा दारापर्यंत मागे गेले आणि अगदी हळू म्हणाले, "भिंगरे, पुठ्ठा तरी चांगला आहे गं..."

"आजोबा!"

"बरं, बरं, टाक," आजोबा म्हणाले. ती परत आली, साबणाने हात धुतले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून टकटक सुरू झाली. ती मी घरभर पोचवली.