जिनिंग फोरची तबकडी

काठीचा पहिला फटका गिरधरच्या उजव्या मनगटावर बसला, दुसरा ग्रामोफोनच्या फिरत्या तबकडीवर.

"बंद कर ते," त्याचे वडील, नाना, म्हणाले. अठ्ठ्याऐंशीच्या माणसात एवढा जोर कुठून येतो, देव जाणे.

चूक गिरधरचीच होती. लग्नांत लाउडस्पीकर लावण्यात त्याची उमर गेली, त्यामुळे घरच्या मशीनला छपरावरचा भोंगा तेवढा जोडलेला. धुळ्यातल्या देवपूरच्या त्या गल्लीने त्याचं वेड निमूट सोसलं होतं. हसनैनच्या भंगाराच्या दुकानातून तो जुन्या तबकड्या उचलून आणायचा. कुठल्या जबलपूरच्या, कुठल्या शिलाँगच्या पोरांनी गॅरेजात गिटारी बडवून काढलेल्या. ज्या बँडची नावं त्या पोरांच्या आयांनाही आठवायची नाहीत, ती ह्याला पाठ.

आजच्या तबकडीवर शाईने लिहिलं होतं, 'जिनिंग फोर, धुळे'. सुई टेकली आणि भोंग्यातून त्याचा थोरला भाऊ प्रेमराज किंचाळला, "मना बाप माले मारस!"

चाळीस वर्षांपूर्वी कापसाच्या जिनिंगमधल्या तीन मित्रांना घेऊन प्रेमराजने मुंबईत हे गाणं काढलं होतं. नानांनी हाती लागल्या तेवढ्या तबकड्या चुलीत घातल्या आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याची बोटं मोडली. तोच हात पुढे सुरतच्या कारखान्यात वेळेवर मागे आला नाही. यंत्राने प्रेमराजला ओढून नेलं. घरात त्याचा एक फोटो उरला. आवाज कुठेच नव्हता.

नानांनी पुन्हा काठी उचलली. गिरधर तबकडीवर आडवा झाला, फटका पाठीत घेतला. मग काठी हिसकून त्याने आयुष्यात पहिल्यांदा बापाची गचांडी धरली. भिंतीवर आपटावं असं त्याला मनापासून वाटलं.

"माले मारा, नाना. पन हाऊ आवाज फोडू देनार नही."

"बठ्ठी गल्ली ऐकी ऱ्हायनी," नाना धापा टाकत म्हणाले.

"ऐकू द्या. चाळीस वरीस कोनीच ऐकं नही."

त्याने गचांडी सोडली. तबकडीला काठापासून मध्यापर्यंत तडा गेला होता, पण ती दुभंगली नव्हती. गिरधरने सुई उचलायला हात नेला. मनगट सुजलं होतं, बोटं मिटेनात. नाना त्या बोटांकडे बघत राहिले.

"सरक," ते म्हणाले आणि सुई त्यांनीच ठेवली.

"भोंगा बंद करू का?"

"ऱ्हाऊ दे."

प्रेमराज पुन्हा ओरडू लागला. दर फेऱ्याला तड्यावर टक् वाजे आणि दर वेळी नानांचा खांदा आक्रसे. गाणं संपेपर्यंत ते उभेच होते.