फितीत अडकलेली क्रेन

रस्ता-सुरक्षा खात्यातल्या मोठ्या साहेबांचा 'गाडी बंद पडणे' या विषयाचा अभ्यास इतका दांडगा होता, की आपलीही गाडी कधी बंद पडेल ही शंका त्यांना स्वप्नातसुद्धा शिवली नव्हती. शाळा म्हणू नका, कारखाने म्हणू नका, बोलावणं आलं की साहेब हजर. गाडी पूर्ण कडेला घ्या, चारही दिवे लुकलुकत ठेवा, मागे लांबवर लाल त्रिकोण मांडा, सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभं राहा आणि मगच मदतीचा नंबर फिरवा, हे ते इतक्या तळमळीनं सांगत की ऐकणाऱ्याला घरी जायला गाडीत बसायची भीती वाटे. खात्यात पाठीमागे त्यांना 'त्रिकोणसाहेब' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

त्या दिवशी हमरस्त्यावरच्या नव्या मदत केंद्राचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते होतं. खात्याच्या गाडीचा चालक नेमका तापानं आडवा झाला, म्हणून साहेब स्वतःचीच गाडी चालवत निघाले. शेजारी बायको. मागे सासूबाई, कारण पहिल्या रांगेत खुर्ची मिळेल असं लेकीनं कबूल केलं होतं.

निम्म्या वाटेत सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, काहीतरी करपल्यासारखा वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल, आई."

"तो ट्रक कधीच गेला."

"मग त्याचा मागे राहिलेला असेल."

यावर बॉनेटमधूनच वाफ निघाली. गाडीनं एक मोठा उसासा टाकला, दोनचार आचके दिले आणि मान टाकली. साहेबांनी ती जमेल तितकी कडेला ढकलत नेली, पण तिचं मागचं अर्धं अंग रस्त्यातच राहिलं. शेजारून वाहनं सूं सूं करत जाऊ लागली आणि प्रत्येक वेळी गाडी हीव भरल्यासारखी थरथरू लागली.

"अर्धी गाडी रस्त्यात आहे अहो," बायको म्हणाली.

"अर्धी कडेला आहे, ते बघ की."

साहेबांनी लुकलुकत्या दिव्यांचं बटण दाबलं. वायपर सुरू झाले. एरवी गाडी बायकोच चालवायची, त्यामुळे तिनं मुकाट्यानं हात पुढे करून दिवे लावले आणि विचारलं, "त्रिकोण डिकीतच आहे ना?"

"तो केंद्रातल्या प्रदर्शनात मांडलाय. काचेच्या पेटीत."

"मग डिकीत काय आहे?"

"पुस्तिका. 'गाडी बंद पडली तर'. समारंभात वाटायला."

ती पुस्तिका बायकोनंच दोनदा तपासून दिली होती, त्यामुळे तिला ती तोंडपाठ होती. "तिच्यात लिहिलंय, गाडीत बसून राहू नये."

"ती सर्वसामान्य जनतेसाठी आहे."

"आणि आपण कोण?"

"आपण पाहुणे आहोत. बाहेर ऊन बघ, धूळ बघ. या सुटावर मला अजून फीत कापायची आहे." असं म्हणून साहेबांनी मदतीचा नंबर फिरवला आणि दोघींना ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. 

"नमस्कार," पलीकडून एक भारदस्त आवाज आला. "घाबरू नका. आपण गाडीतून उतरून सुरक्षित जागी उभे असाल, तर एक दाबा."

साहेबांनी एक दाबला.

"धन्यवाद. आपल्यासारख्या जबाबदार नागरिकांचा आम्हाला अभिमान आहे."

"हा कोण गं?" सासूबाईंनी लेकीला विचारलं. "आवाज ओळखीचा वाटतोय. भलताच शिष्ट आहे मेला."

बायको खिडकीबाहेर बघू लागली. आवाज साहेबांचाच होता. तो ध्वनिमुद्रित करताना त्यांनी चार वेळा घसा खाकरला होता.

मग केंद्रप्रमुख फोनवर आला. "बोला. कुठे आहात?"

"हमरस्त्यावर."

"हमरस्ता पुष्कळ लांब आहे हो. कडेच्या दगडावरचा आकडा सांगा."

"दगड इथून दिसत नाही."

"का? तुम्ही बाहेर उभे आहात ना? एक दाबलाय तुम्ही."

साहेबांनी विषय बदलला. "ते राहू द्या. आधी क्रेन पाठवा."

"क्रेन आहे की, नवी कोरी! समोरच उभी आहे. पण तिला फीत बांधलीय. उद्घाटन झाल्याशिवाय जागची हलवायची नाही, असा लेखी आदेश आहे."

"कुणाचा आदेश?"

"मोठ्या साहेबांचा."

"अहो, मीच मोठा साहेब!"

"असं सगळेच म्हणतात," केंद्रप्रमुख शांतपणे म्हणाला. "मघाशी एक मंत्र्यांचे साडू होते. साहेब येतील, फीत कापतील, की लगेच तुमची सोय करतो. साहेबांनाच आज उशीर झालाय." आणि त्यानं फोन ठेवला.

मागच्या सीटवरून खुदकन हसू आलं. "म्हणजे जावईबापू, तुमचीच फीत तुमच्या गळ्यात पडली म्हणायची!"

साहेबांचा पारा आधीच गाडीच्या इंजिनाइतका चढला होता. "आई, जरा गप्प बसाल का? सकाळपासून तोंडाचा पट्टा नुसता चालूच आहे!"

सासूबाईंनी पिशवी उचलली, चष्मा सारखा केला आणि कडेच्या बाजूचं दार उघडलं. "मी चालले. पायी जाईन, पण या गाडीत बसायची नाही."

"झालं समाधान?" बायकोनं नवऱ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि त्याच बाजूनं तीही उतरली.

साहेबांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: हमरस्त्यावर पायी चालायला बंदी, ती बंदी त्यांच्याच सहीची, आणि तिथून त्यांच्याच सासूबाई तरातरा चालल्यात. ते घाईघाईनं बायकोच्या सीटवरून सरकत उतरले. तोवर सासूबाई लेकीचा हात धरून कठडा ओलांडून पलीकडच्या उतारावर, एका झाडाच्या सावलीत जाऊन बसल्याही होत्या. कठडा ओलांडताना साहेबांची पँट अडकून टर्रकन फाटली.

"आई, चुकलं माझं," ते म्हणाले. "चला, गाडीत बसा."

"नाही बसत."

"मी हात जोडतो."

"जोडा. बरे दिसतात."

साहेबांनी खरंच हात जोडले, आणि तेवढ्यात पाठीमागे ब्रेक किंचाळले. मग असा आवाज झाला की झाडावरचे पक्षी एकदम उडाले.

एका ट्रकनं गाडीला मागून ठोकलं होतं. गाडी कठडा घासत पुढे गेली, डिकी पेटाऱ्यासारखी उघडली आणि सगळ्या पुस्तिका रस्ताभर उडाल्या. धूळ खाली बसल्यावर दिसलं, की मागची सीट पुढच्या सीटला जाऊन चिकटली होती. मध्ये माणूस मावेल एवढी जागा उरली नव्हती.

साहेबांचे हात अजून जोडलेलेच होते. बायकोनं आईचा दंड घट्ट धरला. सासूबाई त्या सीटकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी तिथेच बसले होते की गं."

सुटाचा, धुळीचा विचार न करता साहेब मातीत बसले आणि सासूबाईंच्या पायावर हात ठेवून लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पण तोंडानं एवढंच म्हणाल्या, "रडलात म्हणून मी बोलेन, असं समजू नका."

ट्रकचालक धडधाकट होता. तो खाली उतरून रस्त्यातच उभा राहून ओरडू लागला, "गाडी अशी अर्धवट ठेवतात का? मागे त्रिकोण तरी मांडायचा!"

"अरे बाबा," सासूबाईंनी हाक मारली, "आधी कठड्याच्या अलीकडे ये, मग हवं तेवढं भांड."

तो आला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. केंद्रप्रमुखाचा आवाज आता लोण्यासारखा मऊ होता. "साहेब, मंडळी ताटकळलीत. आपण कुठपर्यंत आलात? आणि मघाशी कुणी भामटा आपलं नाव सांगून..."

"तो भामटा मीच."

"मग साहेब... फीत?"

"कापून टाका. क्रेन पाठवा."

"पण आदेशात 'साहेबांच्या हस्ते' असं आहे. शिवाय भाषणाशिवाय उद्घाटन कसं... असं करतो, फोन माइकला लावतो. दोन शब्द बोला."

भाषणाचा कागद गाडीत चेपला गेला होता. समोर पुस्तिकांवरून चाकं जात होती. साहेबांनी नाक पुसलं आणि फोन तोंडाशी धरला.

"गाडी बंद पडली तर उतरा," ते म्हणाले. "ऊन असलं तरी उतरा, नवा सूट असला तरी उतरा. कठड्यापलीकडे जा आणि मग फोन करा. घरच्यांशी भांडून उतरावं लागलं तर भांडून उतरा, पण उतरा. आता फीत कापा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोनं दगडावरचा आकडा वाचून सांगितला आणि थोड्याच वेळात क्रेन आली. तिच्या हुकाला अर्धी फीत अजून फडफडत होती.

पुढे खात्यात चौकशी बसली. चौकशीअंती परिपत्रक निघालं, की उद्घाटनास जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी वाटेत बंद पडू नये. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत साहेबांनी ते भांडणाचं वाक्य घातलं होतं, पण 'कौटुंबिक कलहास उत्तेजन' असा शेरा मारून वरून ते खोडण्यात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच साहेब वरिष्ठांशी भांडले आणि हरले.

सासूबाईंचा अबोला मात्र महिनाभर टिकला. त्या महिन्यात जावई रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसे. त्या बोलत नसत, फक्त पाण्याचा पेला आणून समोर ठेवत, आणि तो निघाला की खिडकीत उभ्या राहून, नवी गाडी नीट सुरू होऊन वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहत.