एवढं पुरतं

ताईच्या घरात सगळं होतं, फक्त हवं तेव्हा काही सापडत नव्हतं. कपडे दुरुस्त करून देणं हा तिचा धंदा. कुणाच्या पँटची उंची कमी करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं, कुणी अंगानं सुटलं की झगा सैल करून द्यायचा आणि वर ‘कापडच आटलंय हो’ म्हणायचं. गिऱ्हाइकं जिना चढून दमून यायची आणि बसायला खुर्ची शोधायची. खुर्चीवर कपडे, खुर्चीखाली कपडे. दुरुस्तीला टाकून परत कधीच न फिरकलेल्या लोकांचे कोट एका दांडीवर लटकत असायचे. त्यांची नावं ताई विसरली होती, पण राग आठवणीत होता: हा त्या मिशीवाल्याचा, हा त्या तोऱ्यात बोलणारीचा. शिवाय बटणांचे डबे, कात्रणांची बोचकी, आणि खिडकीपाशी कापड भरलेली, बिनडोक्याची एक डमी. तिला दोघी बहिणी ‘बाईसाहेब’ म्हणत.

दुसरी बहीण म्हणजे धाकटी. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती, आणि तिची वेणी घालण्यापासून तिच्या मुलाखतीचा कोट शिवण्यापर्यंत सगळं ताईनं निस्तरलं. लग्नाचं दोघींचंही राहून गेलं, एकीचं गडबडीत आणि दुसरीचं आळसात, असं ताई सांगायची. घर आईवडिलांनी दोघींच्या नावावर ठेवलं होतं. भांडणं व्हायची, पण ती दिवा कुणी मालवला नाही, टॉवेल कुणी ओला ठेवला, इतपतच. आता ताई साठीला टेकली होती आणि तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आपण दोघी अशाच कुरकुरत एकमेकींसोबत म्हाताऱ्या होणार. ह्या गोष्टीचा तिला एवढा आधार होता की तिनं तो कधी बोलून दाखवला नव्हता.

मग धाकटीनं शनिवारचा क्लास लावला. कमी वस्तूंत कसं राहावं, याचा क्लास. ताई पोट धरून हसली.

“अगं, कमी वस्तूंत राहायला आपण लहानपणी फुकटात शिकलो की!”

पण दर शनिवारी धाकटी संध्याकाळी ताजीतवानी होऊन परतायची आणि चहा पिता पिता सरांचं काहीबाही सांगायची. सर म्हणतात, माणूस वस्तू साठवत नाही, भीती साठवतो. सर म्हणतात, ‘असू दे’ म्हटलं की घरातला एक कोपरा गेलाच म्हणून समजा. हे दुसरं ताईला झोंबलं, कारण ‘असू दे’ तिच्या तोंडी बसलेलं होतं.

“बघू तर तुझ्या सरांचं ऐकून,” म्हणत तिनं मिशीवाल्याचा कोट देऊन टाकला. ती संध्याकाळ फार वाईट गेली. जिन्यात पाऊल वाजलं की हा आलाच, असं वाटून ती हातातलं काम टाकून दाराकडे बघे. तो काही आला नाही. दुसऱ्या दिवशी ताईनं दांडीवरची ती मोकळी जागा पाहिली आणि तिला चक्क बरं वाटलं. इतकी वर्षं लोकांचे विसरलेले कोट आपण का सांभाळत होतो, हे तिचं तिलाच कळेना. मग तोऱ्यातलीचा गेला, मग अख्खी दांडी गेली. बोचकी गेली. बाईसाहेबांना एका शिवणशाळेनं नेलं, तेव्हा ताईनं त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि “नीट राहा” म्हणून निरोप दिला. दोघी हसून हसून जमिनीवर बसल्या. एवढ्या त्या कित्येक वर्षांत हसल्या नव्हत्या.

आईचा कोट मात्र ताईच्या हातून सुटेना. तिनं तो मांडीवर घेतला, त्याच्या बाहीवरून हात फिरवत राहिली. धाकटी शेजारी येऊन बसली.

“आई कोटात नाहीये, ताई.”

“ठाऊक आहे गं मला.”

“मग?”

ताई खूप रडली, आणि धाकटीनं तिला जवळ घेतलं. कोट गेला. रडून झाल्यावर ताईला वाटलं, आपण हिला वाढवलं ते वाया गेलं नाही, आता ही आपल्याला सांभाळतेय. ती गिऱ्हाइकांनाही सरांची वचनं ऐकवू लागली. पँट आखूड करायला आलेला पोस्टमन भीती, साठवण आणि मनाचा हलकेपणा यावर पुरतं प्रवचन ऐकूनच खाली उतरायचा. बिचारा पुढच्या वेळी पँट घरीच दुमडून घालायला लागला.

एके दिवशी धाकटीनं ताईचाच खडू घेऊन बाहेरच्या खोलीच्या फरशीवर एक मोठा चौकोन आखला. हा क्लासमधला शेवटचा धडा होता. तुझं जे जे म्हणून राहिलंय, पलंगापासून मशीनपर्यंत, ते या रेषांच्या आत बसवून दाखव, म्हणाली. चौकोनाचा एक कोपरा मात्र आत कापलेला होता.

“हा मुंढा कशाला काढलास? बाही लावायचीय का फरशीला?” ताईनं विचारलं.

“तो मनाचा कोपरा. सर म्हणतात, एवढा रिकामा सोडायचा, मनासाठी.”

“आणि माया कुठंय?” शिवणीच्या आत दुमडून ठेवतात त्या जास्तीच्या कापडाला शिवणारे लोक माया म्हणतात. पुढेमागे कपडा मोठा करावा लागला तर तीच कामी येते. “रेघेवर रेघ मारलीस. मी असं बेतलं असतं तर गिऱ्हाइकानं जीव घेतला असता माझा.”

“यात माया सोडत नाहीत गं,” धाकटी हसून म्हणाली.

ताई ईर्षेला पेटली. पलंग आडवा लावला, मशीन उजेडाला घेतलं, कपाट फिरवलं, दोन खुर्च्यांपैकी एक बाद केली. सगळं बसलं. मनाच्या कोपऱ्यात तिनं एक टाचणीसुद्धा ठेवली नाही. मग चौकोनाच्या मधोमध उभी राहून, घामानं निथळत, ती आनंदानं म्हणाली, “मला एवढं पुरतं गं. खरंच पुरतं.” धाकटीनं तिला घट्ट मिठी मारली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते कौतुकानं, असं ताईला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात धाकटी म्हणाली, दुकानातल्या मैत्रिणीची मावशी एका खोलीत राहायला जाणार आहे, खिडकीचं माप घेऊन तिचे पडदे शिवून देशील का? ताई टेप गळ्यात घालून निघाली. एकट्या वयस्कर बायकांसाठीची ती इमारत स्वच्छ होती, जिने रुंद, भिंतींना धरायला दांडे. खोली दुसऱ्या मजल्यावर होती.

“मावशींना रंग कोणता आवडतो?” स्टुलावर चढून खिडकी मापत ताईनं विचारलं.

“तुला आवडेल तो घे,” धाकटी दारातूनच म्हणाली.

ताई खाली उतरली आणि वळली. खोलीच्या एका कोपऱ्यात भिंतीतून पुढे आलेला चौकोनी खांब होता. तिनं खांबाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग दाराकडे. टेप लावायची गरजच नव्हती. ती फरशी तिच्या पायांना पाठ होती. पलंग कुठं आडवा बसेल, मशीन कुठं, कपाट कोणत्या तोंडानं, सगळं तिनं स्वतः घाम गाळून ठरवलं होतं. आणि मनाच्या कोपऱ्यात सिमेंटचा खांब उभा होता.

तेवढ्यात इमारतीची व्यवस्थापक बाई हसत आत आली. “याच का आमच्या नव्या ताई? बहीण सांगत होती, पडदेसुद्धा स्वतःच शिवणार म्हणून! अगदी घरच्यासारखं राहायचं बरं का.” चावी धाकटीच्या हातात देऊन ती निघून गेली.

ताईनं गळ्यातला टेप काढून हातात घेतला. मग म्हणाली, “मावशी मीच का?”

धाकटीनं मान खाली घातली. “मी सांगणारच होते.”

“कधी? पडदे लावून झाल्यावर?”

“ताई, तूच म्हणालीस ना, एवढं पुरतं? मी तुझी एक वस्तू तरी फेकली का? सगळं तू आपल्या हातानं दिलंस.”

खरंच होतं ते, आणि म्हणूनच ताईच्या अंगाची आग झाली. हिसकावून घेतलं असतं तर तिला भांडता आलं असतं. इथं तिनं स्वतःला स्वतःच्या हातानं आखूड करून घेतलं होतं, आणि ही बाजूला बसून टाळ्या वाजवत होती.

“कुणी आहे का? कुणाला आणायचंय घरात?”

“नाही गं. कुणी नाही.” धाकटीचा आवाज चिरकला. “मला एकटीला राहायचंय. शाळेत होते तेव्हापासून तू माझ्याकडे बघतेयस. जेवले का, कधी आले, का गप्प आहे. मला घरात पाऊल टाकल्यावर कुणी बघायला नकोय. हे तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती माझी. सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी पुन्हा ‘असू दे’ म्हटलं असतं.”

“आणि तुझे ते सर? त्यांनी शिकवलं का तुला हे?”

धाकटी चावी या हातातून त्या हातात करत राहिली.

“काय गं?”

“सर नाहीत, ताई. क्लास नव्हता.”

“मग शनिवारी कुठं जायचीस?”

“खोल्या बघायला.” आणि मग घाईघाईनं, जणू यानं काही भरून निघेल म्हणून, तिनं पुढे सांगितलं, “खूप बघितल्या. काहींत फार अंधार होता. तुला शिवायला उजेड लागतो ना, म्हणून ही घेतली.”

ताई पलंगाच्या जागी, रिकाम्या फरशीवर, बसली. आईचा कोट गेला त्या दिवशी पाठीवर ठेवलेला हात तिला आठवला. बाईसाहेबांना निरोप देताना आलेलं ते हसू आठवलं. सगळ्यात वाईट हे होतं की त्या दिवसांत तिला मनापासून सुख लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा हलकं वाटलं होतं, आणि आता त्या सुखाकडे बघायचीसुद्धा तिला लाज वाटत होती. रिकाम्या घरात धाकटी तिच्यासोबत हसत होती, ती एकटं राहण्याच्या आनंदानं. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. निवड चांगली होती, हे शिवणाऱ्या बाईला नाकारता येईना, आणि त्याचाही तिला संताप आला.

ती उठली. टेप गुंडाळून पिशवीत ठेवला.

“मी जाईन,” ती म्हणाली. “तुला मी नको असेन तर त्या घरात मी एक रात्रही जास्त राहणार नाही. पण इथं येणार नाही. ही खोली दुसऱ्या कुणाला तरी दे. माझी जागा मी शोधीन, अंधारी असली तरी चालेल. तू निवडलेलं मला काही नको.”

“ताई, असं नको ना बोलूस...”

धाकटीला रडू फुटलं. ती लहानपणी रडायची तशीच रडत होती, तोंड उघडं टाकून, नाक वाहत. ताईचा हात सवयीनं पदराकडे गेला, पुढे झाला, तिच्या तोंडापाशी पोचला.

आणि तिनं तो मागे घेतला.